खडेमीठ आणि रोजचा स्वयंपाक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चैत्रात कैऱ्या बाजारात आल्या की खडेमिठाबद्दल विचारणा सुरू होते, ती मिरगापर्यंत थांबत नाही. विचारणारे बेळगाव-शहापूरचे, खानापूरचे, निपाणी-चिकोडीकडचे, अधूनमधून हल्याळ-कारवारचेही. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो तुमचेच ठेवलेत. एखादं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. खडेमीठ म्हणजे नेमकं कुठलं? दुकानात काय म्हणून मागायचं?

समुद्राचं पाणी उन्हात आटवून धरलेलं, न दळलेलं, न धुतलेलं जाडं मीठ. बेळगावच्या रविवार पेठेत मराठीत खडेमीठ किंवा जाडं मीठ म्हटलं की देतात. दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर ‘हरळुप्पु’ किंवा ‘कल्लुप्पु’ म्हणा. मात्र जाडं दिसलं म्हणजे ते कोकणातलंच असं धरून चालू नका. देशात सगळ्यात जास्त मीठ गुजरातेत पिकतं, तुतिकोरिनकडूनही भरपूर येतं, आणि तेही जाडंच असतं. गोकर्णाजवळचं सणिकट्टा, गोव्यातली मिठागरं किंवा शिरोडा इथलं हवं असेल तर पोत्यावरचं गाव वाचा. सुटं घेत असाल तर दुकानदाराला सरळ विचारा. माहीत असलेला सांगतो, माहीत नसलेला ‘गोव्याचंच ओ’ म्हणतो.

२. हातानं काढलेलं मीठ म्हणतात, म्हणजे करतात काय?

दिवाळीनंतर आगरातलं पावसाचं पाणी काढून टाकतात. कुंडांचा तळ चिखलाचा असतो. तो पायांनी तुडवून, चोपून इतका घट्ट करतात की पाणी खाली झिरपू नये. ह्या कामाला बरेच दिवस जातात आणि वर्षाचं मीठ कसं होणार ते इथंच ठरतं. मग उधाणाच्या भरतीला बांधातलं दार उघडून खाडीचं पाणी आत घेतात. गोव्यात ह्या दाराला मानस म्हणतात.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं खायचं मीठ २७ ग्रॅमच्या आसपास. पाणी मोठ्या तळ्यातून उथळ कुंडात, तिथून आणखी उथळ कुंडात असं फिरवत तापवतात. वाटेत आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम तळाला बसतं. पाणी आटून मूळच्या दहाव्या हिश्श्यावर आलं की मीठ धरू लागतं. सगळं पाणी आटू द्यायचं नसतं. शेवटच्या पाण्यात मॅग्नेशियमचे कडू क्षार उरतात, ते सोडून द्यावं लागतं. कुठं थांबायचं हे पाण्याचा रंग आणि बोटाला लागणारा बुळबुळीतपणा बघून आगरवाला ठरवतो.

दुपारी वारा असेल तर पाण्यावर पातळ पापुद्रा धरतो. त्यातला कण तळव्यावर घेऊन बघा: उलट्या पिरॅमिडसारखा, आतून पोकळ, बाजूंना बारीक पायऱ्या. तळाशी धरतात ते चौकोनी, टणक खडे. लांब दांड्याच्या लाकडी फळीनं मीठ कडेला ओढतात आणि बांधावर रास घालून निथळत ठेवतात. निथळताना उरलेलं कडू पाणी जातं, म्हणून वर्षभर राशीत राहिलेलं मीठ ताज्यापेक्षा चवीला चांगलं. जानेवारी ते मे हा हंगाम. वळीव लवकर आला तर कुंडातलं मीठ विरघळून जातं आणि पुन्हा सुरुवात.

गोव्यात मिठगावडे आणि उत्तर कन्नड जिल्ह्यात आगेर समाजाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आलीत. त्यांच्या अंगमेहनतीच्या मानानं मिठाला मिळणारा भाव फार कमी आहे, हे एकदा आगरावर जाऊन आलेल्या कुणालाही पटेल.

३. बेळगावला समुद्र नाही. मग हे ‘आपलं’ मीठ कसं?

समुद्र नाही, पण घाट आहेत. रेल्वे येण्याआधी लमाणांचे बैलांचे तांडे किनाऱ्यावरचं मीठ घाटावर आणत आणि इकडचं धान्य खाली नेत. गोव्याचं मीठ वर येतं आणि आपला मिठावरचा कर बुडतो, ही इंग्रजांची जुनी डोकेदुखी होती. १८७८ सालच्या इंग्रज-पोर्तुगीज तहानं त्यांनी गोव्यातल्या मिठावर ताबा मिळवला आणि बदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला चार लाख रुपये देऊ केले. मुरगावहून कॅसलरॉकला चढून लोंढ्याकडे येणारी रेल्वेही त्याच तहातली. लोंढा स्टेशनवर गाडीची वाट बघत बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल!

पुढं १९३० साली दांडीनंतर एप्रिलात अंकोल्याला आणि मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला. दोन्ही गावं आपल्यापासून एका घाटाच्या अंतरावर.

४. हे मीठ मळकट का दिसतं? भेसळ तर नाही?

बहुतेक वेळा तळाची चिकणमाती. मातीच्या कुंडातून फळीनं ओढलेलं मीठ थोडं करडं असणारच. हंगामाच्या सुरुवातीचं जास्त मळकट, नंतरचं पांढरं. चमचाभर मीठ पेलाभर पाण्यात विरघळवा आणि तासभर ठेवा. तळाला बारीक गाळाचा पातळ थर बसला आणि वर पाणी स्वच्छ राहिलं तर काळजी नको. खडबडीत वाळू, काड्या किंवा पाण्यावर तेलकट तवंग दिसला तर ते मीठ परत करा. गाळ काढायची सोपी रीत प्रश्न ९ मध्ये आहे.

५. सैंधव, पादेलोण आणि खडेमीठ एकच का?

नाही. सैंधव म्हणजे शेंदेलोण, खाणीतून निघतं. गुलाबी मिळायचं ते बहुतेक पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीचं. पादेलोण म्हणजे काळं मीठ, त्याला गंधकाचा वास असतो. ते चाटला, जलजिऱ्याला. तिन्हींत मुख्य घटक सोडियम क्लोराइडच. लोणच्याला पादेलोण घालून बघणार असाल तर आधी वाटीभरच करा.

६. खडेमिठात नैसर्गिक आयोडीन असतं, मग पुडीतलं मीठ कशाला?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि ह्याचं उत्तर अनेकांना आवडत नाही. समुद्रात आयोडीन असतं, पण मिठात ते जवळपास येत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात आयोडीन सुमारे ६० मायक्रोग्रॅम. ते सगळंच्या सगळं त्यातून निघणाऱ्या २७ ग्रॅम मिठात उतरलं असं धरलं, तरी ग्रॅममागे दोन मायक्रोग्रॅमच होतं. प्रत्यक्षात त्यातलं बरंचसं प्रश्न २ मधल्या कडू पाण्याबरोबर निघून जातं. आयोडीनयुक्त मिठात घरी पोचेपर्यंत ग्रॅममागे किमान १५ मायक्रोग्रॅम असावं असा नियम आहे. मोठ्या माणसाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम, गरोदर बाईची २५०.

डोंगराळ, धो-धो पावसाच्या मुलखात जमिनीतलं आयोडीन धुऊन जातं आणि तिथल्या धान्या-भाजीतही ते कमी उतरतं. समुद्राची मासळी रोज खाणाऱ्या घराचं थोडं वेगळं. भाकरी-आमटीवर चालणाऱ्या घरानं हे हलक्यात घेऊ नये. गर्भारपणात आयोडीन कमी पडलं तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो.

म्हणून माझं मत सरळ आहे: रोजच्या आमटी-भाजीला आयोडीनयुक्त मीठ. लोणचं, रंजका (ओल्या लाल मिरचीचं खारवलेलं वाटण), खर्डा, मासळी खारवणं ह्यांना खडेमीठ. दोन बरण्या ठेवायला जागा लागते ती लागू दे. आयोडीनयुक्त खडेमीठही पुडीत मिळतं, एकच बरणी ठेवायची असेल तर ते घ्या. थायरॉइडचं औषध चालू असेल तर मीठ बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला.

७. बीपीवाल्यांना खडेमीठ चालतं असं सांगतात. खरं का?

नाही. ग्रॅमभर खडेमिठात सोडियम जवळपास तेवढंच, साधारण ०.४ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते, आणि त्यात पापड, लोणचं, फरसाण सगळं आलं. ‘कमी सोडियम’ म्हणून विकतात त्या मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी ते परस्पर सुरू करू नये.

८. पाककृतीत एक चमचा मीठ लिहिलंय. खडेमीठ किती घ्यायचं?

सपाट चमचाभर बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम भरतं. खड्यांमध्ये पोकळी राहते, म्हणून तेच चमचाभर खडेमीठ ४ ते ५ ग्रॅम. खडा जितका मोठा तितकी तूट जास्त. म्हणजे चमच्यानं घेतलं तर थोडं वाढवावं लागेल. वजनानं घेतलं तर दोन्ही सारखंच. लोणच्याला तरी काट्यावर मोजा. भाजीला आधी कमी घाला आणि खडा पूर्ण विरघळेपर्यंत थांबून मग चव बघा. पाच मिनिटांत चाखून पुन्हा मूठ टाकणारे शेवटी प्रश्न २१ कडे येतात.

९. आमच्या आजी मिठाचं पाणी करून ठेवायच्या. कसं करायचं?

रीत अजूनही उत्तम आहे. लिटरभर पाणी उकळून त्यात ४०० ग्रॅमच्या आसपास खडेमीठ घाला, ढवळा, गार होऊ द्या. पाणी साधारण ३६० ग्रॅमच विरघळवतं, बाकीचं तळाला राहतं. तळाला मीठ राहिलं म्हणजे पाणी पुरेपूर खारट झालं. रात्रभर न हलवता ठेवा, गाळ खाली बसतो. वरचं पाणी दुपदरी सुती फडक्यातून काचेच्या बाटलीत गाळून घ्या.

ह्या पाण्याच्या एका चमच्यात दीड ग्रॅमच्या थोडं वर मीठ येतं. एकदा हात बसला की ताक, आमटी, सार, कढी ह्यांत फार सोयीचं, कारण मीठ लगेच सगळीकडे मिसळतं. ज्वारीच्या भाकरीत मीठ घालत असाल तर तेही असंच पाण्यातून. अख्खा खडा पिठात राहिला तर भाकरी थापताना तिथंच फाटते.

१०. चवीत खरंच फरक पडतो का, की उगाच कौतुक?

आमटीत, भातात, रश्श्यात विरघळल्यावर फरक ओळखणं अवघड. डोळे बांधून चाखायला दिलं तर बहुतेकांना कळणार नाही. फरक पडतो तो खडा जिभेवर खडा म्हणून लागतो तिथं: उकडलेल्या शेंगा, भाजलेलं कणीस, कैरीची फोड, गरम भाकरीवर तेल आणि शेंगाचटणी. दुसरं ठिकाण म्हणजे वाटण. खलबत्त्यात किंवा पाट्यावर लसूण-मिरची वाटताना खडे कातरतात आणि वाटणाला खरबरीत, ओलसर अंग येतं. मिक्सरमध्ये ह्याचा काही उपयोग नाही. मासळीच्या खवल्याला, बुळबुळीला चोळायलाही खडेमीठच बरं. बारीक मीठ लगेच विरघळून जातं.

११. मीठ आधी घातलं की डाळ शिजत नाही म्हणतात. खडेमिठानं तर जास्तच?

डाळ हट्ट करते ती बहुतेक वेळा बोअरच्या जड पाण्यानं किंवा आधी घातलेल्या चिंच-टोमॅटोनं. बेताचं मीठ आधी पडलं तरी फारसं बिघडत नाही. उलट हरभरा, वाटाणा, राजमा मिठाच्या पाण्यात भिजवले तर साल मऊ होतं. चिंच मात्र डाळ शिजल्यावरच. पालेभाजीत मीठ शेवटी, कारण भाजी बसल्यावर ती केवढीशी उरते ते तेव्हाच कळतं. कोशिंबिरीत पानं वाढताना.

१२. लोणच्याला खडेमीठ का, आणि किती?

किलोभर कैरीच्या फोडींना २०० ते २५० ग्रॅम. आंबट, कोवळी कैरी असेल आणि वर्षभर टिकवायचं असेल तर वरच्या आकड्याकडे झुका. मीठ फोडीतलं पाणी बाहेर ओढतं आणि नासवणाऱ्या जंतूंना वाढायला ओल शिल्लक ठेवत नाही. खडे हळूहळू विरघळतात, त्यामुळं फोड एकदम मऊ पडत नाही. पुडीतल्या मिठात ढेप होऊ नये म्हणून घातलेल्या पावडरीमुळं खार गढूळ दिसतो. त्यानं लोणचं बिघडत नाही, फक्त देखणेपण जातं. आयोडीनमुळं लोणचं नासतं ही भीती सोडून द्या.

करताना: मीठ निवडा, कढईत मंद आचेवर कोरडं होईस्तोवर भाजा, पूर्ण गार करा, मग जाडसर कुटा. गरम मीठ फोडींवर घातलं की वाफ धरते आणि तिथंच बुरशीला घर मिळतं. लिंबाच्या लोणच्याला आणि माईनमुळ्याला भाजायची गरज नाही, ती आपलं पाणी सोडणारच.

अख्ख्या कैऱ्या मिठाच्या पाण्यात टाकायच्या असतील तर जुनी परीक्षा चालते: ताजं अंडं त्या पाण्यावर तरंगलं पाहिजे. म्हणजे मीठ १० ते १२ टक्के झालं. कैऱ्या वर येऊ नयेत म्हणून बशी आणि स्वच्छ दगड ठेवा. पाण्याबाहेर राहिलेली कैरीच पहिल्यांदा कुजते.

१३. रंजक्याला मीठ किती? आमच्याकडं दरवर्षी वर पांढरं येतं.

पिकलेल्या ओल्या लाल मिरच्या किलोभर असतील तर मीठ २०० ते २५० ग्रॅम. ब्याडगीच्या रंगाला जोड म्हणून थोडी संकेश्वरी घेतात, तिखटपणा तिचा. मिरच्या धुऊन सावलीत पूर्ण कोरड्या करा, मगच देठ काढा. आधी देठ काढून धुतलं तर पाणी आत शिरतं, आणि पांढऱ्याचं पहिलं कारण हेच. दुसरं कारण मीठ कमी करणं. ‘घरचं आहे, बेतानं घालू’ हे रंजक्याला लागू नाही. मीठ कमी हवं असेल तर रंजका कमी खा.

मिरच्या, खडेमीठ, लसूण, भाजलेली मेथी, हिंग, आवडीप्रमाणं चिंच किंवा लिंबू, सगळं भरड वाटा. बरणीत दाबून भरा, मधे हवा राहू देऊ नका. दोन-तीन दिवसांनी पुन्हा खालीवर करा आणि वर तेलाचा थर द्या. पांढरा थर सपाट आणि पातळ असेल तर ती बहुधा मिठाच्या पाण्यावर वाढणारी यीस्ट; केसाळ, हिरवट किंवा काळी असेल तर बुरशी, आणि तेव्हा वरचं काढून खालचं वाचवायच्या भानगडीत न पडता सगळं टाकून द्या.

१४. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं. काय करू?

खानापूर-जांबोटी पट्ट्यातून हा प्रश्न आषाढात हमखास. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी धरतं. खडेमिठात उरलेलं मॅग्नेशियम क्लोराइड त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओढतं. भाजून उपयोग होतो तो तात्पुरता. चिनी मातीच्या बरणीत, घट्ट झाकणात, लाकडी चमच्यासह ठेवा. रोजचं लागेल तेवढंच छोट्या डब्यात काढा. पाणी सुटलंच तर फेकू नका. खाली निथळलेलं पाणी कडवट असतं तेवढं ओतून द्या. वर राहिलेलं मीठ आधीपेक्षा चांगलं.

१५. तव्यावर टाकलं की तडतडून उडतं. मिठात काही आहे का?

खड्याच्या आत खारं पाणी अडकलेलं असतं. तापलं की वाफ होऊन खडा फुटतो. दृष्ट काढून मीठ-मिरच्या चुलीत टाकल्यावर होणारा आवाज त्याचाच, बघणाऱ्याची नजर किती वाईट होती त्याच्याशी संबंध नाही. भाजताना झाकण अर्धवट ठेवा.

१६. स्टीलच्या पातेल्याला तळाशी बारीक ठिपके पडलेत. मिठानं?

होय. गार पाण्यात खडे टाकले की ते तळाला बसून राहतात आणि तिथं स्टीलला बारीक खड्डे पडतात. पाणी उकळल्यावर मीठ घाला आणि लगेच ढवळा. अल्युमिनियममध्ये, कल्हई उडालेल्या पितळेत मीठ ठेवूच नका.

१७. इडलीच्या पिठात खडेमीठ घातल्यानं पीठ चांगलं फुगतं का?

थंडीतल्या बेळगावात पीठ न फुगण्याचं कारण थंडी. उन्हाळ्यात मीठ आधी घाला, म्हणजे फार आंबणार नाही. थंडीत पीठ फुगून आल्यावर घाला. कुठलं मीठ, ह्यानं नावापुरता फरक.

१८. बाजारात पोत्यानं अगदी स्वस्त जाडं मीठ मिळतं. तेच आणलं तर?

पोत्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा. जनावरांसाठी, कातडी कमावण्यासाठी, कारखान्यासाठी वेगळं मीठ असतं, ते खायच्या मिठासारखं स्वच्छ ठेवलेलं नसतं. नारळाच्या बुंध्यात घालायला आणलेलं मीठ स्वयंपाकघरात आलेलं मी पाहिलंय. नियमाचंही सांगते: २००६ पासून थेट खाण्यासाठी विकायच्या मिठात आयोडीन बंधनकारक आहे, आणि आज हा नियम अन्नसुरक्षा कायद्याखाली येतो. बिनआयोडीनचं मीठ पदार्थ टिकवण्यासाठी, जनावरांसाठी, उद्योगासाठी विकता येतं, पण तसं लेबल हवं. लेबल नसलेलं पोतं स्वस्त का आहे ह्याचा विचार करा.

१९. मिठात प्लास्टिक असतं म्हणे?

२०१८ साली मुंबई आयआयटीच्या संशोधकांना देशातल्या पुडीतल्या मिठांत प्लास्टिकचे सूक्ष्म कण सापडले. समुद्रात प्लास्टिक आहे तोवर समुद्राच्या मिठात ते येणार, आगर कितीही जुनं असो. प्रश्न ९ च्या रीतीनं गाळल्यास मोठे धागे-तुकडे अडकतात, फार बारीक कण फडक्यातून जातात.

२०. उपवासाला चालतं का?

बऱ्याच घरांत शेंदेलोणच घेतात, काही घरांत नेहमीचं मीठ चालतं. ह्यात माझं मत विचारू नका, सासूबाईंना विचारा.

२१. आमटी खारट झाली. बटाटा टाकला की मीठ शोषतो ना?

बटाटा आमटीचं खारं पाणी शोषतो, नेमकं मीठ वेचून घेत नाही. उरलेली आमटी तेवढीच खारट. बिनमिठाची शिजलेली डाळ किंवा गरम पाणी वाढवा, मग फोडणी पुन्हा द्या. किंचित गूळ आणि चिंच घातल्यानं खारटपणा जिभेला कमी लागतो, मीठ मात्र तेवढंच पोटात जातं. बीपीवाल्यांच्या ताटात अशी ‘सुधारलेली’ आमटी वाढू नका.

२२. तीन वर्षांपूर्वीचं खडेमीठ बरणीत आहे. टाकून देऊ?

कशाला? मीठ नासत नाही. आयोडीनयुक्त असेल तर त्यातलं आयोडीन ओल, ऊन आणि उघड्या डब्यानं कमी होत जातं, म्हणून ते वर्षाच्या आत संपवा. साध्या खडेमिठाला मुदत नाही. वास घेऊन बघा. मिठाला शेजारच्या हिंगाचा, साबणाचा किंवा सुक्या बांगड्याचा वास लागतो. वास नसेल तर यंदाच्या लोणच्याला तेच वापरा, ताज्यापेक्षा बरं लागेल.